मागून दहा पावलं

तीन वेळा चुकून चौथ्या वेळी किल्ली कुलपात गेली. कासियानोने ती दोनदा फिरवली, दार ढकलून पाहिलं आणि मागे न वळताच म्हटलं,

"हे हिशेबात धरायचं नाही. परीक्षा खाली रस्त्यावर सुरू होते."

"मी काही बोलले का?" रेग्लाने विचारलं.

"सुस्कारा सोडलास. ऐकू आला मला."

कठड्यावर हात ठेवून तो तिसऱ्या मजल्यावरून उतरू लागला. जिना अंधारा होता, पण अंधाराचं कासियानोला काही वाटत नसे. अंधारात तो आणि बाकीचं जग बरोबरीत येत. वय एकोणऐंशी. गोदीत चाळीस वर्षं वेल्डिंग केलं होतं, खांदे अजून तसेच रुंद होते. डोळे मात्र गेले होते. अगदी ठार आंधळा नव्हे. कडेकडेचं थोडं दिसे, पण ज्याच्याकडे बघावं तिथेच मधोमध करडा डाग येऊन बसे. आपल्या मुलीचा, रेग्लाचा चेहरा बघायचा तर त्याला तिच्या कानाकडे बघावं लागे. काठी घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून छत्री घ्यायचा. कादिझमध्ये वर्षातून मोजके दिवस पाऊस पडतो आणि वारा तर छत्री टिकूच देत नाही, त्यामुळे ही काठी आहे हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. तिला छत्री म्हणायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

हिवाळ्यात तो न्हाणीघरात पडला आणि दोन तास तिथेच होता. नंतर तव्याने हात भाजून घेतला. हे रेग्लाला त्याने सांगितलं नाही, वरच्या मजल्यावरच्या बाईने सांगितलं. तेव्हापासून रेग्ला त्याच्या मागे लागली होती, वल्लादोलिदला माझ्याकडे चला. मुलगा जर्मनीला गेल्यापासून तिच्याकडे एक खोली रिकामी होती, नवऱ्यापासून ती केव्हाच वेगळी झालेली, शाळेच्या कचेरीतली नोकरी दुपारी तीनला संपायची. सगळं जमण्यासारखं होतं. पण कासियानोने एकूणएक बारमध्ये सांगून ठेवलं होतं, मला इथून नेतील ते चौघंच, आणि तेही खांद्यावरून. असं म्हटल्यावर माणूस आगगाडीने कसा जाणार?

शेवटी अट त्यानेच घातली, फोनवर. "मी रोजची फेरी मारतो. तू मागून दहा पावलं. हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. कोणाचा हात न धरता घरी परत आलो तर तू गुपचूप आपल्या गावी जायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही आलो, तर तुझ्याबरोबर येतो." रेग्ला म्हणाली, शनिवारी येते. तो म्हणाला, शनिवारी नको, पर्यटकांच्या बॅगा पायांत येतात, सोमवारी ये. तिने दोन दिवसांची रजा टाकली आणि मंगळवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली. एक तिचं, एक त्याचं. दुसऱ्या तिकिटाबद्दल तिने त्याला सांगितलं नाही.

खाली आल्यावर कासियानोने छत्रीचं टोक फरशीवर एकदा आपटलं आणि चालू लागला. रेग्लाने त्याला दहा पावलं जाऊ दिलं.

लेवान्ते वाहायला लागून तिसरा दिवस होता. पूर्वेचा हा वारा गरम, कोरडा असतो आणि तो सुटला की आमची माणसं कारण नसताना एकमेकांवर खेकसतात. गल्लीत दोऱ्यांवरचे कपडे फडफडत होते. चानोच्या बारपाशी रस्ता वळतो, तिथे चानो दारात उभा राहून टेबलं पुसत होता.

"काका, आज?"

"का, आज रस्ता धुवायला नेलाय?"

"तसं नाही. म्हटलं, आज..."

मागून येणाऱ्या रेग्लाने ओठांवर बोट ठेवलं. चानोने तिच्याकडे पाहिलं, कासियानोकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग त्याने एक लोखंडी खुर्ची दगडांवरून खरडत हातभर पुढे ओढली आणि तशीच खरडत पुन्हा मागे ढकलली.

"जा मग, फिरा. वारा आहे, छत्री सांभाळा."

"छत्री मी सांभाळतो, तू वारा सांभाळ," कासियानो म्हणाला आणि खुर्चीच्या अलीकडून बरोबर उजवीकडे वळला.

चानोला काही उद्योग नाही, असं तेव्हा रेग्लाला वाटलं.

ते समुद्रावर आले. ला कालेताच्या वाळूत म्हाताऱ्या बायका घरून आणलेल्या खुर्च्या मांडून वाऱ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. कासियानो तिथे थांबला नाही. त्याने धक्क्याची भिंत डाव्या हाताने चाचपली, मग वळून ती उजव्या हाताला घेतली आणि तिच्या कडेने चालायला लागला. इथून देवळापर्यंत समुद्र उजवीकडेच राहतो. आमच्या गावात रस्ता चुकणं तसं अवघड. कुठल्याही गल्लीत शिरा, शेवटी पाणीच लागतं. चुकला तर माणूस एवढंच चुकतो की हे पाणी कोणत्या बाजूचं.

भिंतीवर तीन-चार जण गळ टाकून बसले होते.

"ए कासियानो, थांब जरा. दोरी फेकतोय." दोरी हवेत सणसणली. "हां, गेली. ये आता."

"काय लागलं?"

"सकाळपासून एक चप्पल."

"डावी का उजवी?"

"डावी."

"उजवी लागली की कळव. माझ्या मापाची असेल तर घेईन."

माणसं हसली. पुढे एक पाव पोचवणारा पोरगेला माणूस फुटपाथवर स्कूटर लावून उभा होता. कासियानोला बघून त्याने ती चालू न करताच ढकलून रस्त्यावर घेतली आणि जाताना हॉर्न वाजवला. उगाचच. सायकलवाला पंचवीस पावलं आधीपासून शीळ घालत आला. देवळाच्या मागच्या बाजूला फुटपाथ मोडलाय, तिथे एक बाई दार झाडत होती. तिने पत्र्याची बादली उचलून मोडक्या जागेच्या कडेला दाणकन ठेवली आणि विचारलं, काका, जेवायला काय आज? तो म्हणाला, हरभरे. ती म्हणाली, वाऱ्याच्या दिवशी हरभरे म्हणजे घरातही वारा. तो बादलीच्या आवाजाला वळसा घालून गेला.

बादलीशी रेग्ला थांबली. झाडणारी बाई तिच्याकडे बघत होती. पाणी सांडलेलं नव्हतं, बादली रिकामी होती.

मग तिला एकामागून एक सगळं आठवलं. चानोची खुर्ची, ती शीळ, तो हॉर्न, ती चप्पल. कोणी कासियानोला सांभाळून म्हणालं नव्हतं, डावीकडे म्हणालं नव्हतं, पुढे खड्डा आहे म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी नुसता आवाज केला होता. आणि आवाज जिथे व्हायला हवा तिथेच झाला होता.

तिला आधी राग आला. ही लबाडी होती. अट एकट्याने चालायची होती, आणि इथे अर्धं गाव त्याला चालवत होतं. मागून ओरडावं, बाबा, हे चालणार नाही, असं तिच्या तोंडाशी आलं. पण तोंड उघडायचं नाही ही अटही होतीच, म्हणून ती नुसती चालत राहिली, आणि चालता चालता राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. वल्लादोलिदला तिच्या जिन्यात आठ घरं होती. समोरच्या घरातला माणूस तीन आठवडे दिसला नाही तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, गावाला गेला असेल. तो गावाला गेला नव्हता.

देवळासमोरच्या चौकाच्या तोंडाशी विर्तुदेसची टपरी होती. अंध लोकांच्या लॉटरीची तिकिटं विकणारी विर्तुदेस स्वतः जन्मापासून आंधळी, आणि तिच्या मते कासियानो नवशिका. तो टपरीपुढे थांबला तसं तिने काचेतून डोकं बाहेर काढलं.

"मागे कोण आहे रे तुझ्या?"

"कुठे?"

"दहा-बारा पावलांवर. टाचांचे बूट. तू थांबलास की थांबते. चोर असेल तर फारच गबाळा चोर आहे."

"माझी मुलगी."

"रेग्ला? ती तर इथली. इथलं माणूस असं चालत नाही. ही दगडांवर रुसल्यासारखी चालते."

"वल्लादोलिदला तीस वर्षं झाली तिला."

"मग बरोबर. तिकडे समुद्र नाही, चालायला कारण काय?" विर्तुदेस हसली. मग तिने आवाज खाली आणला, पण वारा रेग्लाच्या बाजूला होता. "आज का बाहेर पडलास?"

"आजच पडायचं होतं."

"मंडईतून जाऊ नकोस. बाहेरून जा."

"रोज जातो तिथून जाणार."

 विर्तुदेसने हात पुढे करून त्याच्या कोटाची बाही शोधली, ती नीट केल्यासारखं केलं आणि डोकं आत घेतलं.

वाऱ्यामुळे म्हणत असेल, रेग्लाला वाटलं. तिचं लक्ष निम्मंच होतं. तिचा निर्णय झाला होता. तो इथेच राहील. परीक्षा त्याने पार केली, लबाडीने का होईना, आणि ती लबाडी इतकी चांगली होती की तिच्यापुढे आपली रिकामी खोली दाखवायची रेग्लाला लाज वाटली. वरच्या बाईला पैसे देऊन दिवसातून दोनदा बघायला सांगू. न्हाणीघरात दांडी बसवून घेऊ. उन्हाळ्याची सगळी सुट्टी इथे काढू. दुसरं तिकीट स्टेशनवर परत करता येईल. वडील समोर दहा पावलांवर छत्री आपटत चालले होते आणि त्यांच्या रुंद पाठीकडे बघताना तिला वाटलं, आपण नेमकं काय न्यायला आलो होतो इथून? तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरं तर घरी गेल्यावर त्याला काय सांगायचं याची वाक्यंही तिने जुळवायला घेतली.

फुलवाल्यांच्या चौकातून तो मंडईकडे वळला.

आमची मंडई म्हणजे मध्ये मासळी बाजाराचा मोठा मांडव आणि भोवती भाजी, मटण, लोणची यांच्या दुकानांचं कडं. कासियानो एका दाराने आत शिरून मासळी बाजार तिरका ओलांडायचा आणि पलीकडच्या दाराने घराच्या बाजूला निघायचा. त्याने बाहेरची भाजीवाल्यांची रांग ओलांडली, मांडवाच्या दोन पायऱ्या छत्रीने शोधल्या आणि आत गेला. वीस-पंचवीस पावलं गेला. मग थांबला.

आत कोणी नव्हतं. संगमरवरी ओटे धुऊन कोरडे झाले होते, दिवे बंद होते, वजनकाट्यांवर प्लॅस्टिक घातलं होतं. वाराही इथे पोचत नव्हता. बर्फ नाही, वास जेमतेम, कोणाची हाक नाही. छताच्या उंच खिडक्यांतून सगळीकडे सारखाच उजेड खाली येत होता, त्यामुळे कडेकडेचं जे काही त्याला दिसत असेल तेही चारी बाजूंना सारखंच असणार.

कासियानोने छत्री पुढे केली. ती ओट्याला लागली. त्याने बाजू बदलली, तिकडेही ओटा. तो अर्धा वळला आणि मग वळल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखा जागच्या जागी उभा राहिला.

रेग्ला पायऱ्यांपाशी होती. तिने एकदा मागे बघितलं, कोणी पाहत नाही ना असं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पुढे जायचं नाही असं कुठे ठरलं होतं? त्याच्या बाजूने नुसतं पुढे निघून जायचं, टाचा जरा जोरात आपटत, पलीकडच्या दारापर्यंत. तो येईल आवाजामागून. बाकी सगळ्यांनी जे केलं तेच करायचं. तिने पाय उचललासुद्धा.

"सोमवारी कोणी आणलं त्याला इथे?"

बाजूच्या ऑलिव्हच्या दुकानातली सालू बाहेर आली होती. हात एप्रनला पुसत, दबक्या पण चिडलेल्या आवाजात बोलत होती. रेग्लाला ती लहानपणापासून ओळखायची, पण आज ओळख दाखवायच्या मनःस्थितीत नव्हती.

"काय झालं सोमवारला?" रेग्लाने विचारलं.

"काय झालं? रविवारी बोटी जात नाहीत, सोमवारी मासे कुठून येणार? तुला एवढंही आठवत नाही का गं? एरवी ही समोर कोळंबीवाली ओरडते, ती पलीकडे कुप्याचा भाव, त्या कोपऱ्यात बांगडेवाला. तो येताना दिसला की सगळे जरा जास्तच ओरडतात. त्या ओरड्यावरून जातो तो. सोमवारी तो घराबाहेर पाय टाकत नाही. दोन वर्षांपूर्वी टाकला होता एकदा. ह्याच जागी अर्धा तास उभा होता. हाक मारायची लाज वाटली त्याला. मीच नेलं बाहेर, तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून सोमवार म्हणजे सोमवार. आणि तू त्याला..."

"मी नाही," रेग्ला म्हणाली.

सालू बोलायची थांबली नाही, पण रेग्लाला पुढचं ऐकू आलं नाही. ती फोन आठवत होती. शनिवारी नको, सोमवारी ये. ती म्हणाली होती, रविवार चालेल का, मग रजा एकच दिवस पडेल. तो म्हणाला होता, नाही, सोमवार.

उचललेला पाय तिने खाली ठेवला. मग ती आत गेली, घाई न करता, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याने मान वळवली नाही.

"बाबा, सोमवार तुम्ही ठरवलात."

कासियानोने मोकळा हात ओट्यावर ठेवला आणि दगड थंड आहे का बघावं तसा तळवा फिरवला.

"वल्लादोलिदला हिवाळ्यात घर गरम असतं का तुझं?" त्याने विचारलं.



"असतं. सगळ्या खोल्यांत."

"माझ्या खोलीतही?"

"तुमच्या खोलीतही."

त्याने मान हलवली. बाहेर सालू कोणाला तरी घडलेली हकिकत सांगत होती आणि तिचा आवाज मांडवात घुमत होता.

"वरची बाई," तो म्हणाला, "सकाळी भांडं आपटते. मी उठलो का बघायला. मग मी खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोकतो. मागच्या महिन्यात एकदा मला झोप लागली, ठोकलं नाही, तर तिने दार फोडायला माणसं आणली. चानोला गुडघा दुखतो, तरी दहा वाजता बाहेर येऊन खुर्ची ओढतो. चार वर्षं झाली. सगळं गाव माझ्यासाठी ओरडतंय, पोरी. मी रोज उठून बाहेर पडतो ते त्यांची मेहनत फुकट जाऊ नये म्हणून. नाहीतर बसून राहिलो असतो की." त्याने श्वास घेतला. "दमलो मी."

"मला सांगायचं होतं."

"आणि त्यांना काय सांगू? तुमचा आवाज पुरेना म्हणून चाललो? चानो मनाला लावून घेईल. विर्तुदेस तर काय, ती जन्माची आंधळी टपरीत बसते आणि मी चार वर्षांत पळालो?" त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तू नेलंस तर ती गोष्ट वेगळी. मुलगी हट्टी निघाली, मी शब्दाला जागलो, संपलं."

"म्हणजे वाईट मी व्हायचं."

"तू तशी बाहेरगावीच राहतेस. तुला काय फरक पडतो?"

रेग्लाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मघाशी जुळवलेली सगळी वाक्यं, न्हाणीघरातली दांडी, उन्हाळ्याची सुट्टी, सगळं तिने मनातल्या मनात गुंडाळून ठेवलं. पाच मिनिटांपूर्वी तिला वाटत होतं की त्याला इथे ठेवणं हीच माया. आता तिला आपलीच कीव आली. एवढा मोठा निर्णय घेताना त्याला विचारावं असं आपल्याला एकदाही सुचलं नाही, ना त्याला न्यायचं ठरवताना, ना ठेवायचं ठरवताना.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. हरलो." हे त्याने मोठ्याने म्हटलं, सालूच्या दुकानापर्यंत पोचेल असं. आणि कोपर पुढे केलं.

चार वर्षांत त्याने कोणासमोर कोपर पुढे केलं नव्हतं. सालूने ते बघितलं आणि ती बोलता बोलता थांबली. रेग्लाने त्याच्या हातात हात घातला आणि दोघं मांडव ओलांडून पलीकडच्या दाराने बाहेर पडली. त्याचं वजन तिच्या हातावर आलं तेव्हा तिला कळलं की तो किती सावरून चालत होता. पहिल्या गल्लीत तो अजून छत्री आपटत होता. दुसऱ्या गल्लीत ती त्याने काखेत मारली.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. चानो बारच्या दारात उभा होता, आत दोन-तीन गिऱ्हाइकं पेले हातात धरून बाहेर बघत होती. कोणी खुर्ची ओढली नाही.

"खरं आहे का, काका?"

"हिला विचार," कासियानो म्हणाला. "मी काय, मी हरलो. शब्द दिला होता."

"उद्या अकराच्या गाडीने," रेग्ला म्हणाली.

"उद्या? अगं, निदान महिनाभर तरी..." चानोचा चेहरा पडला होता. तो रागावण्याचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला नीट जमत नव्हतं. "सोमवारी आणलंस तू त्यांना मंडईत. सोमवारी. मंगळवारी आणलं असतंस तर डोळे मिटून घरी आले असते."

"अट अट असते."

"तुझी आई असती ना, रेग्ला, तर तिने हे चालू दिलं नसतं."

ही वाक्यं तिला लागली. ती खरी असती तर जेवढी लागली असती तेवढीच लागली. 

"दगडाचं काळीज आहे हिचं," कासियानो चानोला म्हणाला. "मी परोपरीने सांगून पाहिलं. ऐकेल तर शपथ." आणि हे म्हणताना त्याची बोटं तिच्या दंडाभोवती इतकी घट्ट आवळली की तिला दुखलं.

चानो आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कागदात बांधलेलं तळणाचं पुडकं होतं. ते त्याने कासियानोच्या कोटाच्या खिशात कोंबलं, रेग्लाकडे न बघता. तिकडे असलं काही मिळणार नाही तुम्हाला, तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला म्हणून त्याने टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छ होतं.

"सामान बांधायचंय, चला," रेग्ला वडिलांना म्हणाली.

ते घराच्या दारापाशी आले. तिसऱ्या मजल्याच्या वरची खिडकी उघडी होती आणि पडद्यामागे कोणीतरी उभं होतं.

"मोठ्याने बोल," कासियानो ओठ न हलवता पुटपुटला. "तिला ऐकू गेलं नाही."

"बाबा, पुरे आता."

"ती मनाला लावून घेईल. बोल."

रेग्लाने डोळे पुसले, घसा साफ केला आणि भर गल्लीत, शेजारपाजारचे सगळे ऐकतील अशा आवाजात म्हटलं, "रडून काही उपयोग नाही, बाबा. मी सांगते तसंच होणार. तुमचं इथे कोणी ऐकणार नाही."

पडदा सर्रकन बाजूला झाला. वरची बाई अर्धी खिडकीबाहेर आली आणि तिने रेग्लाला, रेग्लाच्या शाळेला, वल्लादोलिदला आणि आगगाडी काढणाऱ्यालाही चांगलं फैलावर घेतलं. आजूबाजूच्या दोन खिडक्या उघडल्या, त्यांतूनही भर पडली. कासियानो मान खाली घालून, मुलीचा दंड धरून उभा होता. रेग्लाने मान वर केली आणि शेवटचा शब्द संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं.